खर्जातला गांधार आणि कॉर्डचा भाव

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेला घुमारा देणारी घोडीची जुळणी, लागली की नाही, हे कारागिराचा कान ठरवतो. घोडीवर तारेखालचा धागा सरकवता सरकवता एका जागी तार बोलू लागते आणि खर्जातून, म्हणजे सर्वांत खालच्या सा च्या तारेतून, कुणी न छेडलेला गांधार (ग) ऐकू येतो. तारा तर फक्त प आणि सा अशा लावलेल्या. हा ग खर्जाच्या पाचपट कंपनांचा, तारेच्या पोटातलाच. सा, ग, प. कॉर्ड म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांचा मेळ; पाश्चात्त्य संगीतातली मेजर कॉर्ड ती हीच, आणि शुद्ध ग च्या जागी कोमल ग आला की होते मायनर. तेव्हा 'आपल्याकडे कॉर्ड नाहीत' हे जरा जपूनच म्हणावं.

शुद्ध गांधाराचं सा शी प्रमाण 5:4, कोमलचं 6:5. सा ते ग हे खालचं अंतर मोठं (शुद्ध ग चं) असेल तर स्वरमेळ प्रसन्न वाटतो, लहान (कोमल ग चं) असेल तर उदास, असं इटलीतल्या झारलिनो या संगीततज्ज्ञाने 1558 मध्ये लिहून ठेवलं. 1722 मध्ये फ्रान्सच्या रामो या संगीतकाराने स्वरमेळाचं मूळ नादाच्या निसर्गातच शोधलं. पुढे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने 1863 मध्ये कर्कशपणाचं कारण दिलं: जवळजवळचे उपस्वर (मूळ स्वरासोबत आपोआप उमटणारे वरचे स्वर) एकमेकांवर आदळले की नाद थरथरतो. पण मायनर कॉर्ड काही कर्कश नसते, मग ती उदास का? इथे नुसतं भौतिकशास्त्र पुरत नाही.

या गणिताचं वेड आपल्या भागालाही लागलं होतं. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 मध्ये सप्तकातल्या बावीस श्रुतींवर, म्हणजे सूक्ष्म स्वरांवर, इंग्रजीत पुस्तक काढलं; न्यायाधीश क्लेमेंट्स यांना सोबत घेऊन श्रुतींची पेटीही घडवली. धडपड योग्यच होती. साध्या पेटीचा ग नैसर्गिक गांधारापेक्षा सुमारे 14 सेंट (पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) चढा असतो, आणि सुरेल तंबोऱ्याशेजारी तो टोचतो.

भावाचं मात्र गणित जमत नाही. बोलिव्हियाच्या जंगलातल्या त्सिमाने लोकांना सुसंवादी आणि विसंवादी स्वरमेळ सारखेच आवडतात, असं 2016 च्या एका अभ्यासात दिसलं. इतक्या लांब तरी कशाला जायचं? काफी रागात गांधार कोमल, आणि रंग उधळणारी होरी गातात ती बहुतेक काफीतच! त्याच कोमल गांधाराखाली गिटारवर मायनर कॉर्ड धरली, तर सिनेसंगीतावर पोसलेल्या आपल्या कानाला लगेच विरह ऐकू येतो.