‘रिस्टोअर पॉइंट’ केला, म्हणजे बॅकअप झाला?

“विंडोजमध्ये रिस्टोअर पॉइंट करून ठेवा, उडालेले फोटोही परत येतात,” असा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. नावच असं आहे, की कुणालाही तसं वाटेल.

2000 सालच्या ‘विंडोज मी’ (Windows Me) या आवृत्तीपासून असलेली ही सोय सिस्टीम फाइल्स, रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही), ड्रायव्हर (प्रिंटरसारखी उपकरणं चालवणारे छोटे प्रोग्रॅम) आणि इतर प्रोग्रॅम आधीच्या स्थितीत नेते. चुकीच्या ड्रायव्हरमुळे संगणक अडला, तर ती खरोखर उपयोगी पडते. फोटो, पत्रं, हिशेब मात्र तिच्या कक्षेत येत नाहीत. शिवाय हे पॉइंट त्याच डिस्कवर साठतात. डिस्क गेली की तेही गेले.

खात्री करायची असेल तर डॉक्युमेंट्समध्ये एक बिनमहत्त्वाची टेक्स्ट फाइल बनवा, रिस्टोअर पॉइंट घ्या, फाइल रिसायकल बिनमधूनही काढा आणि रिस्टोअर करा. फाइल परतणार नाही. एवढा खटाटोप नको असेल, तर रिस्टोअरआधी ‘स्कॅन फॉर अफेक्टेड प्रोग्रॅम्स’ दाबा: यादीत फक्त प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर दिसतील.

बरेचदा ही सोय मुळात बंदच असते, तेही विंडोजच्या ‘सिस्टीम प्रोटेक्शन’ या सेटिंगमध्ये पाहून घ्या. घरच्या फोटोंची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडते का, हे आजच तपासा.