आशाताईंच्या आधी जामखेड

गावात आज आशाताई घरोघर फिरतात, बाळंतिणीची विचारपूस करतात, मुलांच्या लसीची आठवण देतात. योजना म्हणून हे 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून सुरू झालं. पण गावातलीच एक बाई गावाचं आरोग्य सांभाळू शकते, हे त्याच्या तीस-पस्तीस वर्षं आधी नगर जिल्ह्यातल्या जामखेडसारख्या दुष्काळी तालुक्यात सिद्ध झालं होतं. ते घडवून आणलं डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने.

दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले. साठच्या दशकात त्यांनी नगर जिल्ह्यातच वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काम केलं. तिथे एक गोष्ट त्यांना सलत राहिली. जुलाबाने सुकलेलं मूल बरं करून घरी पाठवावं, तर काही आठवड्यांनी तेच मूल पुन्हा दारात. दवाखान्यात येणारे बहुतेक आजार मुळात टाळता येण्याजोगे होते, आणि ते टाळायचे तर गावातच जायला हवं होतं. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन 1970 मध्ये ते जामखेडला आले. पहिला दवाखाना थाटला तो गुरांच्या जुन्या दवाखान्यात.

सुरुवातीला त्यांनी शिकलेल्या नर्सबाई गावांत पाठवून पाहिल्या. ते जमलं नाही. बाहेरून आलेल्या, शिकलेल्या बाईचा आणि गावातल्या बायकांचा सूर जुळेना. तेव्हा गावातलीच बाई तयार करा, असं एका सरपंचाने सुचवलं. मला हा सल्ला साऱ्या कहाणीचा कणा वाटतो. आणि त्याहून मोठी वाटते ती तो मानणाऱ्या डॉक्टरांची तयारी, कारण वैद्यकीय ज्ञान निरक्षर बाईच्या हाती सोपवायला तेव्हा भलेभले राजी नव्हते.

निवडलेल्या बायकांपैकी अनेकींनी शाळेचं तोंडही पाहिलं नव्हतं. बऱ्याच जणी दलित होत्या. आठवड्यातून एकदा त्या जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या, जातपात बाजूला ठेवून एकत्र जेवायच्या. शिकायच्या ते अगदी हातातलं: बाळंतपणाआधी हात साबणाने स्वच्छ धुवायचे, नाळ विळ्याने न कापता नव्या ब्लेडने कापायची, बांधायला उकळलेला दोरा घ्यायचा, नाळेला शेण-राख लावायची नाही. जुलाब लागलेल्या बाळाला मीठ-साखरेचं पाणी पाजत राहायचं. एवढ्यावर धनुर्वात आणि शोष या दोन काळांना गावाबाहेर थोपवता आलं.

औषधांइतकंच पाण्याचंही काम झालं. 1972 च्या दुष्काळात बोअर पाडून हातपंप बसवायचे होते, तेव्हा ते मुद्दाम दलित वस्तीत बसवले गेले. पाणी हवं तर सगळ्या गावाने तिथे यायचं. भाषणांनी जे होत नव्हतं ते हंड्याने झालं. शेतकरी मंडळं आणि महिला मंडळं उभी राहिली, मुलांना सकस आहार मिळू लागला. प्रकल्पाच्या गावांत 1971 मध्ये हजार जन्मांमागे 176 बालमृत्यू होत. 1976 मध्ये हा आकडा 52 वर आला.

जगाने लवकरच दखल घेतली. 1975 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या ग्रंथात जामखेडवर प्रकरण आलं. 1978 मध्ये सोव्हिएत संघातल्या अल्मा-आटा इथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जो विचार मांडला, त्यामागे जामखेडसारख्या कामांचा अनुभव होता. 1979 मध्ये दोघांना मिळून मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आपल्या सरकारने 1977 मध्ये गावोगाव आरोग्यरक्षक नेमले खरे, पण त्यांत पुरुषांचाच भरणा होता. बाळंतिणीच्या खोलीत त्यांना कोण येऊ देणार? ती योजना यथावकाश विरली. जामखेडने बाईच का निवडली, हे लक्षात घ्यायला दिल्लीला आणखी पंचवीसेक वर्षं लागली. आशा योजनेत मात्र त्याच गावात राहणारी बाई हवी, ही अट पहिल्यापासून आहे.

मेबल आरोळे 1999 मध्ये गेल्या. रजनीकांत 2011 पर्यंत होते. देशभर लाखो आशाताई कामाला लागलेल्या त्यांनी पाहिल्या.