बाळंतिणीची गोळी नेमकी कुणासाठी?

आई जे खाते ते दुधात उतरतं, असं आपल्याकडे घरोघरी मानतात. बाळंतिणीची निम्मी पथ्यं त्यातूनच आलेली. प्रत्यक्षात काही पोषकद्रव्यांच्या बाबतीत हे खरं आहे, काहींच्या बाबतीत अजिबात नाही. आणि कोणती गोळी कशासाठी घ्यायची हे यावरच ठरतं.

कॅल्शियमचंच बघा. दिवसाला साधारण २०० मिलिग्रॅम कॅल्शियम दुधावाटे बाळाकडे जातं. आईच्या ताटात ते कमी पडलं तरी दुधातलं प्रमाण फारसं घटत नाही, कारण शरीर तिच्या हाडांतून ते काढून घेतं. लोह आणि फोलेटचंही (गोळीतलं फॉलिक ॲसिड हे त्याचंच रूप) तसंच. आई पांढरीफटक पडली तरी दूध या बाबतीत जवळपास तेवढंच कसदार राहतं. बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायची सरकारी गोळी (६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड) आणि सहा महिने रोज दोनदा घ्यायची कॅल्शियमची गोळी मुख्यतः आईसाठी असते. ‘बाळासाठी घे गं’ असं म्हणून ती तिच्या गळी उतरवायची गरज नाही. तिची स्वतःची तब्येत हे कारण पुरेसं आहे.

बी-१२ चं गणित वेगळं. आईच्या रक्तात ते कमी असेल तर दुधातही कमी उतरतं. हे जीवनसत्त्व फक्त जीवाणू बनवतात, वनस्पती नाहीत. म्हणून डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, खारीक-खोबरं यांतून इतर बरंच काही मिळतं, बी-१२ मात्र नाही. शाकाहारी घरात ते येतं दूध, दही, ताक, पनीर यांतूनच. (चहातलं दूध या हिशेबात धरू नये.) पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने १९९० च्या दशकात सुरू केला. त्यात सुमारे दोन तृतीयांश जणींत बी-१२ कमी आढळलं, फोलेट मात्र बहुतेकींत पुरेसं होतं. फॉलिक ॲसिडमुळे बी-१२ च्या कमतरतेतला ॲनिमिया झाकला जाऊ शकतो, मज्जातंतूंची झीज मात्र चालूच राहते. म्हणजे हिमोग्लोबिनचा रिपोर्ट चांगला आला एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही.

धडधाकट आईच्या पोटी जन्मलेलं बाळ साधारण २५ मायक्रोग्रॅम बी-१२ सोबत घेऊन येतं आणि त्यावर काही महिने निघतात. आईकडेच नसेल तर ही शिदोरी पाच मायक्रोग्रॅमच्याही आत असू शकते. त्यात सहा महिन्यांनंतरही वरचं अन्न नीट सुरू झालं नाही, की बाळ मलूल होतं. हसायचं ते हसेनासं होतं, बसायला लागलेलं मान टाकतं. केस विरळ, तांबूस होतात. बोटांच्या पेरांवरची कातडी काळवंडते. काहींचे हातपाय आणि डोकं थरथरू लागतं, आणि झोपलं की थरथर थांबते. अंगाने असं बाळ पुष्कळदा गुबगुबीत असतं, त्यामुळे घरच्यांना शंकाही येत नाही. वेल्लोरच्या डॉक्टरांनी अशा बाळांचा बी-१२ शी असलेला संबंध १९६२ मध्येच दाखवून दिला होता. सरकारी गोळीत बी-१२ अजूनही नाही, हे मला खटकतं.

बंगळुरूमधल्या एका चाचणीत गरोदरपणापासून बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत रोज ५० मायक्रोग्रॅम बी-१२ दिलं, तेव्हा आईच्या दुधातलं प्रमाण वाढलं आणि बाळांचीही पातळी सुधारली. मात्र बाळं नऊ महिन्यांची झाल्यावर त्यांच्या बौद्धिक विकासात, बी-१२ घेतलेल्या आणि न घेतलेल्या आयांच्या गटांत, ठळक फरक दिसला नाही. दुधात वाढलं म्हणजे बाळाला फायदा झालाच, असं थेट म्हणता येत नाही. अ जीवनसत्त्वाचा मोठा डोस बाळंतिणीला सरसकट देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये याच कारणाने थांबवली.

ड जीवनसत्त्वाची गोष्ट सगळ्यांत चमत्कारिक. दुधात मुख्यतः त्याचं मूळ रूप उतरतं, आणि ते रक्तात जेमतेम एखादा दिवस टिकतं. लॅब मोजते ते यकृताने बनवलेलं, आठवडे टिकणारं रूप. ते दुधात फार थोडं जातं. त्यामुळे ६० हजार युनिटची पुडी महिन्यातून एकदा घेणाऱ्या आईचा रिपोर्ट छान येतो, पण दुधातलं ड चार दिवस उसळून पुन्हा खाली बसतं. अमेरिकेतल्या २०१५ च्या एका चाचणीत आईला रोज ६४०० युनिट दिली, तेव्हा कुठे तिच्या दुधातून बाळाला पुरेसं ड मिळालं. आपल्या सरकारी कॅल्शियमच्या दोन गोळ्यांत मिळून ५०० युनिट असतात. ६४०० चा प्रयोग घरी करायचा नाही. तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली झालेला होता. बाळाला रोज ४०० युनिटचे थेंब थेट तोंडात देणं त्यापेक्षा स्वस्त आणि बिनधोक, आणि बालरोगतज्ज्ञही तेच लिहून देतात. बी-१२ बद्दल मात्र आईनेच विचारायला हवं, विशेषतः ती शाकाहारी असेल तर, आणि शक्यतो दिवस असतानाच.