टाइल्स आपोआप का उचलतात?

आठ-दहा वर्षं निमूट पडून असलेली हॉलमधली फरशी एके दिवशी धाडकन आवाज करून मधोमध उचलली जाते. दोन टाइल्स एकमेकींना टेकून छपरासारख्या उभ्या राहतात आणि शेजारच्या रांगा ठोकून पाहिल्या तर पोकळ वाजतात. कुणी जड काही आपटलेलं नसतं, पाणी मुरलेलं नसतं. शेजारीपाजारी भूकंपापासून भुताटकीपर्यंत सगळं सुचवून होतं आणि शेवटी खापर टाइलच्या कंपनीवर फुटतं. बहुतेक वेळा टाइलचा यात काहीच दोष नसतो.

फरशी म्हणजे तीन थर: खाली काँक्रीटचा स्लॅब, त्यावर सिमेंट-वाळूचा माल आणि वर टाइल. तिघांचे स्वभाव वेगळे. काँक्रीट आणि माल यांच्यातलं जादा पाणी वर्ष-दोन वर्षं हळूहळू उडत राहतं, तसतसे ते आक्रसतात. हे आक्रसणं साधारण 0.04 टक्के धरलं, तर 5 मीटरच्या हॉलमागे 2 मिलिमीटर होतं. व्हिट्रिफाइड टाइल मात्र 1200 अंश सेल्सिअसच्या आसपास भाजून निघालेली. तिचं जे काही आक्रसायचं ते भट्टीतच उरकलेलं असतं. उलट भाजलेली माती हवेतला दमटपणा घेऊन वर्षानुवर्षं किंचित वाढते. सच्छिद्र टाइल जास्त, व्हिट्रिफाइड अगदी नगण्य. म्हणजे खालची जमीन आखडते आणि वरची टाइल आहे तेवढीच राहते. मग सगळ्या रांगा एकमेकींना रेटू लागतात.

त्यात तापमानाची भर. काँक्रीट दर अंशाला लाखात 1 भाग आखडतं किंवा पसरतं, टाइल त्याहून थोडी कमी. थंडीच्या रात्री स्लॅब टाइलपेक्षा जरा जास्त आखडतो. हा फरक अगदी किरकोळ असतो, पण आधीच ताणाखाली असलेल्या फरशीला तेवढं निमित्त पुरतं.

आता प्रश्न असा, की मिलिमीटरभर रेटा आणि फरशी एवढी वर कशी येते? शाळेतला पायथागोरस इथे कामाला येतो. 600 मिलिमीटरच्या दोन टाइल्स घ्या. त्यांच्यासाठी असलेली जागा 1 मिलिमीटरने कमी झाली, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला 599.5 आले. टाइल हा कर्ण, जागा हा पाया. उरलेली बाजू काढली तर उत्तर येतं जवळपास 24 मिलिमीटर! एका मिलिमीटरच्या अडचणीपोटी इंचभर उंचवटा. मध्ये काही नाही, कारण टाइल वाकत नाही. एक तर चिकटून राहते, नाही तर सुटते.

चिकटून राहण्याचीच खरी अडचण आहे. सिमेंट गोंदासारखं चिकटत नाही. पाण्याशी संयोग होऊन त्याचे बारीक स्फटिक वाढतात आणि समोरच्या पृष्ठभागाच्या छिद्रांत शिरून अडकतात. जुन्या मोझॅक टाइल्स स्वतःच सिमेंटच्या, मागून खरबरीत. मालाशी त्यांचं चांगलं जमायचं. शहाबादी फरशीचे सांधे तर बोटभर रुंद, रेटारेटीचा प्रश्नच नव्हता. व्हिट्रिफाइड टाइल मात्र वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते. स्फटिकांना शिरायला जागाच नाही! तरीही कित्येक साइटवर तीच जुनी पद्धत चालते: कोरडा माल पसरा, वरून सिमेंटची स्लरी, म्हणजे पातळ घोळ ओता, टाइल ठेवा, रबरी हातोडीने ठोका.

टाइलच्या पाठीवर हात फिरवून पाहा, पांढरी पूड लागते. भट्टीतल्या रोलरला टाइल चिकटू नये म्हणून कारखान्यात ती लावतात. ओल्या फडक्याने पुसली नाही, तर चिकटायचं ते पुडीला चिकटतं.

यावर उपाय म्हणजे टाइल ॲडहेसिव्ह, टाइल चिकटवण्यासाठीचं खास मिश्रण. त्यात सिमेंटबरोबर पॉलिमर असतं, ते गुळगुळीत पाठीलाही धरून ठेवतं आणि थोडी लवचीकताही देतं. शिवाय त्यातला सेल्युलोजचा अंश पाणी लवकर उडू देत नाही. पण पसरून ठेवलेल्या ॲडहेसिव्हवर वीसेक मिनिटांत साय धरते. बोटाला ओलं लागलं नाही, तर ते खरवडून नवं लावायचं. दातेरी थापीने रेघा एकाच दिशेने ओढायच्या, म्हणजे टाइल दाबताना हवा बाहेर पडते. गोल गोल फिरवलेल्या रेघांत ती कोंडते. अधूनमधून नुकतीच बसवलेली टाइल उचलून तिची पाठ बघावी. कोपऱ्यांपर्यंत ॲडहेसिव्ह लागलेलं दिसलं पाहिजे. मिस्त्री कुरकुरेल, कुरकुरू द्या.

भिंतीवर तर पाच ठिकाणी गोळे लावून टाइल थोपण्याची सवय आहे. मागे पोकळी राहते आणि वर्षभराने गीझरसाठी ड्रिल लावलं की तिथेच तडकते. भिंतीच्या सिरॅमिक टाइल्स बऱ्याच सच्छिद्र असतात, दहा टक्क्यांहून जास्त पाणी पितात. म्हणून सिमेंटवर लावताना त्या आधी भिजवतात, एरवी त्या मालातलं पाणी ओढून घेतात आणि सिमेंट कच्चं राहतं. ॲडहेसिव्हला ही भिजवाभिजवी लागत नाही.

आणि सांधे. 'सांधा दिसायला नको' हा घरमालकांचा हट्ट मला तरी कळत नाही. दोन टाइल्समध्ये फट राखणारा 2 मिलिमीटरचा स्पेसर टाकला तर त्या फटीत भरलेलं ग्राउट टाइलपेक्षा नरम असल्याने थोडा दाब स्वतः सोसतं. खरी सुटका मात्र कडेला मिळते: टाइल्स आणि भिंत यांच्यात सात-आठ मिलिमीटर मोकळे सोडायचे, ते स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी लावलेल्या पट्टीखाली झाकले जातात. तिथे माल भरून 'पक्कं' केलं की फरशी चारी बाजूंनी कोंडली. मोठ्या हॉलमध्ये किंवा उन्हाच्या गॅलरीत मध्येही एखादा सांधा सिलिकॉनसारख्या लवचीक पदार्थाने भरतात.

उचललेल्या टाइल्स अखंड राहिल्या असतील, तर पुन्हा त्याच जागी ठेवून पाहा. शेवटची बसत नाही. सगळ्या त्याच, मोजून तेवढ्याच, पण जागा आखडलेली असते. ठोकून बसवण्याच्या भानगडीत न पडता एका रांगेची कड कटरने दोन-तीन मिलिमीटर कापून घ्यावी, खालचा जुना माल खरवडावा, पाठ धुवावी आणि एका बाजूची स्कर्टिंग काढून तिच्यामागे काय भरून ठेवलंय तेही बघून घ्यावं.