बॅल्यूट

अतिवेगवान यान, अवतरण-कोश किंवा अस्त्र यांचा वेग हवेच्या रोधाने घटवणारी व त्यांची डळमळ आवरणारी फुगीर पिशवी. ‘बलून’ आणि ‘पॅराशूट’ यांच्या जोडातून हे नाव बनले. शोधाचे श्रेय सामान्यतः अमेरिकेतील गुडइयर कंपनीला देतात व काळ १९५० च्या दशकाची अखेर धरतात. संज्ञेची व्याप्ती मात्र सैल आहे. काही लेखक सर्व फुगीर रोधकांना बॅल्यूट म्हणतात, तर काही फक्त दोराने मागे ओढल्या जाणाऱ्यांना. वातावरणात शिरतानाच्या प्रखर उष्णतेपासून बचाव करणाऱ्या फुगीर उष्णताकवचांचे काम वेगळे असल्याने ती निराळी मोजणे सोयीचे ठरते.

स्वनातीत (ध्वनीपेक्षा जास्त) वेगात साध्या पॅराशूटचे तोंड उघडझाप करू लागते. पुढच्या यानामागे उसळणारा खळबळता प्रवाह त्यात भर घालतो. बॅल्यूट जवळजवळ बंद असते. बाजूच्या छोट्या तोंडांतून वेगाने शिरलेली हवा, किंवा सोबतचा वायू, आतला दाब टिकवतो व आकार ताठ राहतो. तरीही एक अडचण उरते. पिशवीच्या फुगीर भागाला लगटून वाहणारा हवेचा प्रवाह कधी इथे, कधी तिथे पृष्ठभागापासून सुटतो आणि पिशवी हेलकावते. त्यासाठी सर्वांत रुंद भागाभोवती फुगीर कडे बसवतात. मग प्रवाह सगळीकडे त्याच रेषेवर सुटतो. सगळ्या रचनेत निर्णायक भाग हाच, पण वर्णनांत तो बहुधा एका ओळीत उरकला जातो.

नासाच्या १९६० च्या दशकातील जेमिनी यानांच्या आसनांत, आणीबाणीत उंचावरून बाहेर पडलेला अंतराळवीर गरगरू नये म्हणून बॅल्यूट होते. प्रत्यक्ष मोहिमेत ते वापरण्याची वेळ आली नाही. नासाच्या २०१४ व २०१५ मधील मंगळ-अवतरण चाचण्यांत लहान बॅल्यूटने मोठे पॅराशूट ओढून बाहेर काढले. दोन्ही वेळा पॅराशूट फाटले. बॅल्यूटने आपले काम केले. कमी उंचीवरून टाकायच्या बाँबच्या शेपटीतही ते बसवतात, म्हणजे विमानाला दूर जायला अवधी मिळतो.

वर उल्लेखिलेल्या फुगीर उष्णताकवचांपैकी नासाचे ६ मी. व्यासाचे लॉफ्टिड १० नोव्हेंबर २०२२ रोजी कक्षेतून परतून प्रशांत महासागरात उतरले. त्याच वर्षी ३ सप्टेंबरला इस्रोने थुंबा येथून रोहिणी अग्निबाणाने केव्हलार या मजबूत कृत्रिम धाग्याच्या कापडाचा फुगीर रोधक पाठवला. तो सुमारे ८४ किमी. उंचीवर नायट्रोजनने फुगवण्यात आला. रॉकेटचे वापरून झालेले टप्पे परत मिळवणे आणि मंगळ वा शुक्रावर उपकरणे उतरवणे, हे त्यामागचे हेतू इस्रोने सांगितले आहेत.