‘गणित झटपट सुटलं तरच तुझं’: एक खुलासा

गणिताच्या वरच्या वर्गात कुणी अडखळलं की ठरलेलं वाक्य येतं: “हे तुला झेपणार नाही, त्याला जात्याच डोकं लागतं.” आणि डोकं मोजायचं कशावर? तर वेगावर.

ही समजूत खोटी आहे. फ्रेंच गणितज्ञ लोरां श्वार्त्झ शाळेत हळू विचार करायचे आणि त्यामुळे स्वतःला मठ्ठ समजायचे. 1950 मध्ये त्यांना फील्ड्स पदक, म्हणजे गणितातला सर्वात मोठ्या सन्मानांपैकी एक, मिळालं. तेहरानच्या शाळेत मरियम मिर्झाखानी यांच्यात एका वर्षी गणिताच्या शिक्षकांना विशेष चुणूक दिसली नाही, आणि मरियम यांची गणितातली गोडीच गेली. पुढच्या वर्षी शिक्षक बदलले, चित्र पालटलं. 2014 मध्ये हे पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. (पदक सगळ्यांना मिळत नाही, मिळायची गरजही नाही.)

मग या वर्गात राहायचं की तो सोडायचा? उत्तरपत्रिका उघडा. डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) बरोबर काढलंय, पण (अ+ब)² सोडवताना मधलं 2अब गाळलंय? मग कच्चं आहे ते बीजगणित, आणि ते सरावाने सुधारतं. फंक्शन (एक संख्या घालून ठरलेली दुसरी संख्या देणारा नियम) म्हणजे काय हेच धूसर असेल, तर एक पायरी मागे जाणं शहाणपणाचं. त्यात कमीपणा कसला? झोप उडाली, बाकीचे विषय बुडायला लागले, तर वर्ग बदलायला तेही रास्त कारण.

सरांनी नाक मुरडलं, हे मात्र कारण नव्हे. त्यांनाच विचारा, “सर, नेमकं कुठे चुकतंय?” बोट ठेवून दाखवलं तर ऐका. “एकंदरीतच” म्हणाले, तर ते बोलणं सोडून द्या.