फाटक, स्वयंचलित (प्रतिकृती रेल्वे)

प्रतिकृती रेल्वेवर गाडी जवळ येताच रस्त्यावरचे दांडे खाली आणणारी व शेवटचा डबा गेल्यावर ते उचलणारी विद्युत् जोडणी. चाकांकडूनच गाडीची चाहूल घेण्याची कल्पना प्रत्यक्ष रेल्वेतली आहे. चाकांनी दोन्ही रूळ विजेने जोडले की गाडी आल्याचे ओळखणाऱ्या मंडलाचे, म्हणजे रूळमंडलाचे, श्रेय सामान्यतः अमेरिकन अभियंता विल्यम रॉबिन्सन यांना देतात. त्यांच्याच आधीच्या रचनेत मंडल उघडे होते, म्हणजे गाडी आली तरच वीज वाहे. तार तुटली तरी धोकाच दाखवणारे १८७२ चे बंद मंडल ही खरी सुरुवात मानणे अधिक योग्य.

सोलापूर मुंबई–चेन्नई मार्गावर असल्याने इथल्या मांडणीत आधी मापाचा प्रश्न येतो. १:८७ प्रमाणाच्या तयार रुळांमधले अंतर (गेज) १६.५ मिमी. असते, ते प्रत्यक्षातल्या १,४३५ मिमी. गेजचे. आपल्या १,६७६ मिमी. ब्रॉडगेजला सुमारे १९.३ मिमी. लागतील. उलट कुर्डुवाडीहून १८९७ मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेच्या जुन्या ७६२ मिमी. मार्गाला ९ मिमी. रूळ जवळजवळ चपखल बसतात.

चाहुलीसाठी बहुधा इन्फ्रारेड किरण वापरतात. किरण रुळांना काटकोनात ठेवला तर दोन डब्यांमधल्या फटीतून तो पलीकडे पोचतो आणि दांडा मध्येच उचकतो. म्हणून तो तिरपा सोडावा. खिडकीतून येणारे सोलापुरी ऊन किरण टिपणाऱ्या साध्या ग्राहकाला आंधळे करते. तिथे ३८ किलोहर्ट्झने स्पंदणारा किरण व त्याच वारंवारतेचा ग्राहक बरा. दांडा पडायला ४ सेकंद लागत असतील आणि गाडी सेकंदाला २५ सेंमी. धावत असेल, तर संवेदक फाटकाच्या किमान १ मी. अलीकडे हवा. एकेरी मार्गावर तो दोन्ही बाजूंना लागतो.

दांडा छोट्या सर्वो मोटरने (सांगितलेल्या कोनात वळून थांबणाऱ्या मोटरने) हलवतात. तिला ५ व्होल्टचा वेगळा पुरवठा द्यावा, पण ऋण तार मोटरला आज्ञा देणाऱ्या नियंत्रकाशी जोडलेली असावी. नाहीतर दांडा थरथरतो.

गाडी आली म्हणून फाटक पडणे ही पद्धत मुख्यतः परदेशी. आपल्याकडच्या इंटरलॉक केलेल्या फाटकावर गेटमन आधी फाटक लावतो, मगच सिग्नल सुटतो. इथल्या मांडणीला हीच जोडणी शोभते. दांडा पूर्ण टेकला की खालचा मायक्रोस्विच दाबला जातो, त्यावरून रिले (विजेने चालणारा स्विच) ओढला जातो, सिग्नल हिरवा होतो आणि सिग्नलच्या अलीकडे विजेपासून तोडून ठेवलेल्या रुळाच्या तुकड्यात वीज येते. दांड्याखाली खेळण्यातली बैलगाडी अडकली, तर इंजिन त्या तुकड्यावर उभेच राहते.